शूटिंगच्या जुन्या कॅसेट: डीव्हीडी काढली म्हणजे काम संपले का?

काळाचौकीतल्या आमच्या घरी दिवाळीआधी पोटमाळा आवरताना सहा कॅसेट निघाल्या. एकीवर बाबांच्या अक्षरात ‘बारसे’ एवढेच लिहिले होते. त्या शूटिंगमध्ये आजी पाळणा म्हणते आणि तिच्या आवाजाची घरात दुसरी नोंद नाही. चार वर्षांपूर्वी या कॅसेटची डीव्हीडी करून आम्ही निश्चिंत झालो होतो. यंदा ती लावली तर अर्ध्यावरच अडकली. दुकानदाराने तेव्हा ‘कॅसेट टाकून देऊ का?’ विचारले होते. आईने ती परत मागून घेतली, म्हणून वाचलो.

काळाचौकी, लालबाग, परळमधल्या अनेक चाळी आणि अभ्युदयनगरसारख्या म्हाडा वसाहती पुनर्विकासाच्या वाटेवर आहेत. घर रिकामे करताना माळ्यावरचे सामान सगळ्यात आधी भंगारात जाते. त्या कॅसेटमध्ये बारसे-लग्नाबरोबर मागची गॅलरी, जिना आणि शेजारीही असतात. म्हणून फेकण्याआधी हे वाचा.

तुमच्याकडे कोणती कॅसेट आहे?

पुस्तकाएवढी काळी कॅसेट म्हणजे व्हीएचएस. जपानच्या जेव्हीसी कंपनीने ती १९७६ मध्ये आणली. नव्वदच्या दशकातली बहुतेक लग्ने यातच आहेत. गाण्याच्या कॅसेटपेक्षा थोडी लहान आणि जाड असेल, तर ती हँडीकॅमची ८ मिलिमीटरची कॅसेट: व्हिडिओ-८, हाय-८ किंवा डिजिटल-८. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी असेल, तर ती १९९५ मध्ये आलेली मिनीडीव्ही. डिजिटल-८ आणि मिनीडीव्हीवरचे चित्रण मुळातच डिजिटल असते.

कॅसेट खराब का होते?

प्लास्टिकच्या फितीवर चुंबकीय कणांचा थर असतो आणि तो चिकटद्रव्याने धरलेला असतो. दमट हवेत हे चिकटद्रव्य हळूहळू सुटते. मुंबईच्या पावसाळ्यात त्यावर बुरशीही धरते. कॅसेटच्या खिडकीतून पांढरे ठिपके किंवा जाळी दिसली, तर ती व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नका. बुरशी मशीनच्या हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटवरही जाते. अशी कॅसेट आधी साफ करून घ्यावी लागते.

एवढी घाई कशाला?

कारण कॅसेटच्या आधी मशीन संपत आहेत. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले. नवे मशीन मिळत नाही, जुन्याचे सुटे भाग मिळत नाहीत आणि दुरुस्ती जाणणारे कारागीर कमी होत आहेत. युनेस्कोनेही २०१९ मध्ये चुंबकीय फितींबाबत जगभरातल्या संग्रहालयांसाठी इशारा मोहीम सुरू केली होती. जिथे संस्थांची ही स्थिती, तिथे घरच्या कॅसेटला कोण वाली?

कॉपी होते कशी?

व्हीसीआर किंवा हँडीकॅम एका कॅप्चर कार्डमार्फत संगणकाला जोडतात आणि कॅसेट चालवून चित्रण रेकॉर्ड करतात. तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात. ‘दहा मिनिटांत करून देतो’ असे कोणी म्हणाले तर सावध व्हा. मिनीडीव्हीसाठी फायरवायर जोडणी वापरली, तर फितीवरचा डेटा जसाच्या तसा उतरतो. नव्या लॅपटॉपना हे पोर्ट नसते, त्यामुळे जुना संगणक असलेले दुकान शोधा. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट असेल तर तसे आधीच सांगा. तिथली पद्धत एनटीएससी, आपली पाल. सगळी मशीन दोन्ही वाचत नाहीत.

डीव्हीडी की फाइल?

आमची चूक इथेच झाली. विकत मिळणाऱ्या सिनेमाच्या डीव्हीडीत माहिती साच्याने ठसवलेली असते. दुकानात ‘काढून’ दिलेल्या डीव्हीडीत ती रंगद्रव्याच्या थरावर लेसरने लिहिलेली असते. ऊन, उष्णता आणि दमटपणा यांनी हा थर खराब होतो.

दुसरी अडचण जागेची. मिनीडीव्हीच्या एका तासाला सुमारे १३ जीबी लागतात आणि साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात. म्हणजे चित्रण साधारण तिसऱ्या हिश्श्यावर दाबावे लागते. दाबताना गेलेला तपशील परत येत नाही. म्हणून डीव्हीडी टीव्हीवर बघायला हवी तर जरूर घ्या, पण मूळ प्रत म्हणून मोठी फाइल पेन ड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर मागा.

दुकानात देताना काय लक्षात ठेवाल?

• व्हीएचएसच्या कडेची प्लास्टिकची टिकली तोडा, मिनीडीव्हीची कळ सरकवा. मग चुकून वरून रेकॉर्डिंग होत नाही.
• प्रत्येक कॅसेटला क्रमांक द्या आणि फोटो काढून ठेवा.
• आधी एकच कॅसेट द्या. फाइल सुरुवात, मध्य आणि शेवट अशी तपासा. आवाज ऐका.
• दर कॅसेटमागे आहे की तासामागे, हे आधी विचारा.
• कॅसेट परत घ्याच. ती पूर्ण गुंडाळून, उभी, कोरड्या कपाटात ठेवा. पत्र्याखालचा माळा नको.
• फाइलच्या तीन प्रती करा: एक संगणकात, एक हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या घरी किंवा क्लाउडवर.
• व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधा व्हिडिओ पाठवला तर तो पुन्हा दाबला जातो.

‘बारसे’ची कॅसेट आम्ही नुकतीच पुन्हा उतरवून घेतली. चित्राच्या खालच्या कडेला पट्टा थरथरतो, दोन ठिकाणी रंग उडाला आहे. आवाज मात्र स्वच्छ आहे. आजी पाळणा म्हणत असताना मध्येच कुकरची शिट्टी होते आणि ती थांबून कुणाला तरी गॅस बंद करायला सांगते. फाइलची एक प्रत नाशिकला आत्याकडे पाठवली आहे. उरलेल्या पाच कॅसेटचे काम या महिन्यात करायचे आहे.