माउसला हात न लावता

फोटो एडिटिंग शिकायला येणारा माणूस फोटोग्राफीच्या वेडापायी येतो, असा शहरात समज असेल. तालुक्याच्या गावात तो फॉर्मपायी येतो. आयबीपीएसच्या बँक परीक्षेला फोटो लागतो 200 बाय 230 पिक्सेलचा, 20 ते 50 केबीच्या आतला. सही त्याहून हलकी, 10 ते 20 केबी. मोबाइलने काढलेला फोटो असतो तीन-चार एमबीचा, आणि साइट तो घेत नाही. दर वेळी सायबर कॅफेवाल्यापुढे रांग लावण्यापेक्षा एकदाचं शिकून घेऊ, म्हणून पोरं येतात. त्यांच्या मागून स्टुडिओत कामाला लागलेली एखादी मुलगी येते, वाढदिवसाचे बॅनर करून चार पैसे मिळवू पाहणारा कुणी येतो, आणि एखादे काका कपाटातला जुना फोटो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणतात.

मी त्यांना गिम्प शिकवते. फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या 2013 पासून विकत मिळत नाहीत, भाड्याने घ्याव्या लागतात. आणि गावात जे फोटोशॉप चालतं ते कुठून आलं हे कुणी कुणाला विचारत नाही. गिम्प राजरोस फुकट आहे. बर्कलीला शिकणाऱ्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोघांनी 1995 मध्ये ते लिहायला घेतलं, आणि आजही जगभरची माणसं हौसेने त्यात भर घालतात. त्याची काही खोडसाळ वळणं मात्र नवख्याला रडवतात. 2012 च्या आवृत्तीपासून ‘सेव्ह’ केलं की फाइल एक्ससीएफ होते. जेपीजी हवा तर ‘एक्स्पोर्ट’ करावं लागतं. दर बॅचला कुणी ना कुणी तीच एक्ससीएफ व्हॉट्सॲपवर पाठवून मोकळा होतो आणि समोरून निरोप येतो, ‘उघडत नाही.’

पण वर्गात सगळ्यांत जास्त ऐकू येणारं वाक्य वेगळंच. “मॅडम, काहीच होत नाही.”

ब्रश घेतला, लाल रंग निवडला, फोटोवर फिरवला, आणि ठिपकासुद्धा उमटला नाही. या एका तक्रारीच्या पोटात पाच-सहा कारणं असू शकतात. भलताच लेयर निवडलेला असतो. लेयरचा डोळा मिटलेला असतो. लेयर फोटोपेक्षा लहान असतो आणि त्याच्या पिवळ्या तुटक रेघेबाहेर ब्रश चालत नाही. ओपॅसिटी शून्यावर गेलेली असते. किंवा मघाशी केलेलं सिलेक्शन तसंच राहिलेलं असतं. बाहेरून सगळ्यांचं लक्षण एकच, म्हणून नवख्याला वाटतं की कॉम्प्युटर बिघडला, नाहीतर आपल्यालाच हे जमण्यासारखं नाही.

अशा वेळी शिकवणाऱ्याचा हात आपसूक माउसकडे जातो. दोन क्लिकचं तर काम. मुलगा “हां हां, कळलं” म्हणतो आणि थोड्या वेळाने पुन्हा तिथेच अडतो, कारण त्याने बघितलेली असते फक्त पळणारी बाणाची खूण. म्हणून विद्यार्थ्याच्या माउसला हात लावायचा नाही, असा मी नियम केला आहे. खुर्चीच्या मागे उभं राहायचं आणि विचारायचं. हे दिसतं तितकं सोपं नाही; हात शिवशिवतात.

परवा एक मुलगा चेहऱ्यावर चारशे टक्के झूम करून बसला होता. कपाळावरचा चट्टा जाईना. “काय दिसतंय?” “चट्टा.” “उजवीकडे कुठला लेयर निवडलाय?” “बॅकग्राउंड, बरोबर आहे.” “आता सगळा फोटो दाखव.” त्याने शिफ्ट-कंट्रोल-जे दाबलं, फोटो मावेल एवढा झाला, आणि खाली शर्टाच्या कॉलरभोवती मुंग्यांची रांग चाललेली दिसली. मघाशी कॉलर उजळ करायला केलेलं सिलेक्शन. ते असेपर्यंत ब्रश फक्त कॉलरवर चालणार. कपाळावर कितीही घासा. “आयला!” म्हणाला, आणि कंट्रोल-शिफ्ट-ए त्यानेच शोधून दाबलं. त्या दिवसापासून काही अडलं की आधी तो झूम मागे घेतो. बाकीच्यांनाही हल्ली तोच सांगतो, माझ्याआधी.

लेयर समजावताना मी बोलत नाही. शाळेच्या पुस्तकांना घालतात ती पारदर्शक कव्हरं आणि मार्कर आणते. टेबलावर फोटो ठेवायचा, वर एक कव्हर, त्यावर मिशा काढायच्या. दुसरं कव्हर, त्यावर टोपी. मधलं कव्हर ओढून घेतलं की मिशा गेल्या, टोपी राहिली, खालच्या फोटोला ओरखडा नाही. मग तेच स्क्रीनवर. हा खेळ थोरांनाही आवडतो. फोटोशॉपमध्ये लेयर आले 1994 मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत. त्याआधीची माणसं थेट फोटोवर काम करत असत हे सांगितलं की पोरं अविश्वासाने बघतात.

लेयरचं खरं मोल वर्गाला पटलं ते त्या पिशवीवाल्या काकांमुळे. आईवडिलांचा फोटो, मधोमध घडीची रेघ, सगळीकडे बुरशीचे ठिपके. स्कॅन 600 डीपीआयने केलेला. काका निवृत्त कारकून. ओळीने, वरच्या कोपऱ्यापासून, हील टूलने एकेक ठिपका टिपत चालले. भिंत झाली, पदर झाला, चेहरा झाला. घडीची रेघ जिथे फेट्याच्या कडेवरून जात होती तिथे हील भिंतीचा फिकेपणा फेट्यात ओढत होतं, डाग पडल्यासारखं. तेवढ्यापुरतं क्लोन घ्यायला सांगितलं. काम मन लावून चाललं होतं. मग ते एकदम थांबले. “आईच्या हनुवटीवर गोंदण होतं हो.” बुरशीच्या ठिपक्यांबरोबर तेही साफ झालं होतं.

कंट्रोल-झेड दाबत मागे जायचं तर त्यानंतरचं सगळं टिपकाम पाण्यात. पण काम मूळ फोटोच्या कॉपीवर, वेगळ्या लेयरवर चाललं होतं. इरेझर लहान करून वरचा लेयर हनुवटीपुरता पुसला, आणि खालून तीन हिरवट-काळे ठिपके जसेच्या तसे वर आले. काकांनी वहीत लिहून घेतलं: ‘आधी लेयरची कॉपी.’ खाली दोन रेघा ओढल्या.

नवखे सगळे कोरी पाटी असतात हेही खरं नाही. रोलच्या जमान्यात स्टुडिओ चालवलेले एक गृहस्थ होते. कॉम्प्युटरशी त्यांचं मुळीच जमेना. डबल क्लिकच होईना. डॉज आणि बर्न टूल मात्र मी दाखवायच्या आत ओळखलं. डार्करूममध्ये एनलार्जरच्या प्रकाशात तारेला लावलेली पुठ्ठ्याची चकती हलवत ठेवून त्यांनी वर्षानुवर्षं चेहरे उजळले होते, आणि पुठ्ठ्याच्या भोकातून आकाश गडद केलं होतं. “चकती हलती ठेवावी लागते, नाहीतर कड दिसते,” ते म्हणाले. मऊ ब्रश का घ्यायचा, हे त्या दिवशी मला वेगळं शिकवावं लागलं नाही.

मी वर्गासाठी हातपत्रिका लिहिते. ओळीला एक कृती, आणि तिच्याखाली ती केल्यावर काय दिसायला हवं. ही दुसरी ओळ बहुतेक ट्यूटोरियलवाले गाळतात, आणि आपण चुकलो हे कळायला शिकणाऱ्याकडे तीच एक खूण असते. लिहून झालं की गिम्प कधीही न उघडलेल्या कुणाला तरी कागद देते आणि मागे गप्प बसते. जिथे त्याचा माउस रेंगाळतो तिथे पेन्सिलने फुली. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पातही नवशिक्याकडून अशी तपासणी करून घेतात. त्यांचे साधारण दहा मिनिटांचे धडे मराठीत आहेत, गिम्पचेसुद्धा. आवाज मराठी, पडद्यावरचे मेनू इंग्रजीच. मला ते योग्य वाटतं, कारण पोरांना उद्या ज्या मशीनवर बसायचं आहे तिथले मेनू इंग्रजीच असणार. व्हिडिओ एका बाजूला, गिम्प दुसऱ्या बाजूला, आणि थांबवत थांबवत करत जायचं, ही त्यांची पद्धत घरी सराव करणाऱ्यांना मी आवर्जून सांगते. यूट्यूबवरचे चटपटीत व्हिडिओ बघून आलेल्यांची वेगळी पंचाईत असते: सांगणाऱ्याने कीबोर्डवर काय दाबलं हे त्यात दिसतच नाही.

आवृत्ती बदलली की कागद शिळा होतो. 2020 च्या सुमारास टूलबॉक्समधली टूलं एकमेकांमागे गटांत लपली, तेव्हा ‘हे चित्र शोधा’ म्हणणारी माझी सगळी पानं बाद झाली. मार्च 2025 मध्ये 3.0 आलं. त्याने एक उपकारही केला. आधी काहीही पेस्ट केलं की ते ‘फ्लोटिंग सिलेक्शन’ होऊन मध्येच लोंबकळायचं, आणि ते अँकर करेपर्यंत किंवा त्याचा नवा लेयर करेपर्यंत बाकीचं सगळं ठप्प. “काहीच होत नाही” यातलं निम्मं त्याच्यापायी असायचं. आता पेस्ट केलेलं सरळ नवा लेयर होऊन बसतं. त्यावरचं अख्खं पान काढून टाकायला मी निघालेच होते, पण खिडकीकडच्या तीन मशीन अजून 2.10 वर आहेत. पान राहू दिलंय. वर लिहिलंय, ‘खिडकीकडच्यांनी वाचावे.’