जायबंदी शरीर आणि अजिंक्यपदाचा हिशेब

क्रीडास्पर्धेतील यशापयशाची मीमांसा करताना आपण खेळाडूचे कौशल्य, त्याचा सराव, त्याचे धैर्य आणि दैवाची साथ या चार गोष्टींचा आवर्जून उल्लेख करतो. परंतु अजिंक्यपदाचा निकाल अनेकदा ज्या पाचव्या गोष्टीवर ठरतो, ती म्हणजे त्या खेळाडूचे आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्यांचे शरीर शाबूत आहे की नाही ही गोष्ट, आपल्याकडे बातमीच्या शेवटच्या ओळीत येते आणि दुसऱ्या दिवशी विस्मृतीत जाते. तिचे महत्त्व पटण्यास आपल्याच मराठवाड्यातील एका धावपटूची दोन वर्षांची कैफियत पुरेशी आहे.

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा या गावचा अविनाश साबळे, महार रेजिमेंटमध्ये भरती होऊन धावपटू झालेला हा जवान, तीन हजार मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीत, म्हणजे स्टीपलचेसमध्ये, भारताचा राष्ट्रीय विक्रमवीर आहे. अठ्ठावीस वेळा आडवा खांब आणि सात वेळा पाण्याचा खड्डा ओलांडून पुरी करावयाची ही शर्यत ७ जुलै २०२४ रोजी पॅरिस येथे त्याने ८ मिनिटे ९.९१ सेकंदांत संपवली. पुढच्याच महिन्यात त्याच नगरीत ऑलिंपिकची अंतिम शर्यत झाली, तीत तो अकरावा आला. आणि त्याच शर्यतीच्या शेवटच्या वेढ्यात इथियोपियाचा लमेचा गिर्मा, ज्याच्या नावावर या शर्यतीचा जागतिक विक्रम आहे, अडथळ्याला अडखळून असा कोसळला की त्याला स्ट्रेचरवर घालून मैदानाबाहेर न्यावे लागले. त्या वर्षीच्या डायमंड लीग या मैदानी शर्यतींच्या वार्षिक मालिकेत गुणतक्त्यातील पहिल्या बारा जणांनाच अंतिम शर्यतीत प्रवेश होता आणि साबळे अवघ्या तीन गुणांसह चौदावा होता. परंतु गिर्मा दुखापतीमुळे आणि आणखी काही जण आपापल्या कारणांनी गैरहजर राहिल्यामुळे ब्रसेल्सच्या अंतिम शर्यतीचे दार त्याला उघडले गेले, आणि १३ सप्टेंबर २०२४ रोजी, आपल्या तिसाव्या वाढदिवशी, तो तेथे धावून नववा आला.

पुढच्या वर्षी हेच चक्र उलटे फिरले. ११ जुलै २०२५ रोजी मोनाको येथे डायमंड लीगची शर्यत होती. पाण्याच्या अडथळ्यावर धावपटू आधी खांबावर पाऊल रोवतो, तेथून देह पुढे झोकून देतो आणि पलीकडे उतरताना साऱ्या शरीराचा भार क्षणभर एकाच पायावर, बहुधा ओल्या उतारावर, पेलतो. पुढचा धावपटू त्याच क्षणी डळमळला, तर मागच्याला आपले पाऊल कोठे पडावे हे ठरवण्यासही अवधी उरत नाही. अशाच एका क्षणी साबळे कोसळला. गुडघ्यातील पुढचा अस्थिबंध तुटला, सांध्यातील कुर्चेची गादी फाटली, मुंबईत शस्त्रक्रिया झाली, आणि टोकियोच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेची पात्रता आधीच पदरात असूनही सप्टेंबरमध्ये त्याला तेथे उभे राहता आले नाही. एका वर्षी दुसऱ्याच्या दुखापतीने जे खात्यावर जमेस आले, ते पुढल्या वर्षी स्वतःच्या दुखापतीने खर्ची पडले. आणि या दोन्ही वर्षी त्याच्या धावण्याच्या गुणवत्तेत तिळमात्र फरक पडला होता असे कोणी म्हणणार नाही.

दुखापतीचे हे मोल सर्वच स्पर्धांत सारखे नसते; अजिंक्यपद कोणत्या रीतीने ठरवावयाचे याचा जो जाबता घातलेला असतो, त्यावर ते अवलंबून असते. स्थूलमानाने अशा तीन रीती आहेत. पहिल्या रीतीत सारा निकाल एका दिवसात लागतो, तेव्हा त्या दिवशी जो धडधाकट असेल त्याचे नशीब. दुसऱ्या रीतीत, डायमंड लीगप्रमाणे, वर्षभराचे गुण केवळ प्रवेशापुरते मोजले जातात आणि अंतिम शर्यतीत सर्वांची पाटी पुन्हा कोरी होते. येथे मोसमाच्या मध्यावर जायबंदी झालेल्याला बरे होऊन परतण्याची थोडी मुभा असते. तिसऱ्या रीतीत मात्र मोसमातील प्रत्येक फेरीचा प्रत्येक गुण अखेरच्या बेरजेत धरला जातो, आणि जो एखाद्या फेरीला मुकला त्याच्या खात्यावर त्या फेरीपुरते शून्य कायमचे राहते. दुखापतीची सर्वांत निष्ठुर वसुली या तिसऱ्या रीतीत होते. आणि तिचे लखलखीत उदाहरण पाहावयाचे असेल, तर आपल्याकडे फारसा परिचित नसलेल्या, पण पोलंड, स्वीडन, डेन्मार्क, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया या देशांत मोठा लोकाश्रय लाभलेल्या स्पीडवे या मोटारसायकल शर्यतीकडे वळावे लागते.

स्पीडवेची धावपट्टी अंडाकृती आणि मुरमाड मातीची असते. एका धावेत चार स्वार सुटतात, चार वेढे घेतात, आणि सुमारे एका मिनिटात सारा निकाल लागतो. त्यांच्या पाचशे सीसीच्या, मिथेनॉलवर चालणाऱ्या गाडीला ब्रेक नसतात. खळ्यात तिवड्याभोवती फिरणाऱ्या बैलांप्रमाणे हे स्वार नेहमी एकाच दिशेने, डावीकडे, वळत राहतात. वळणावर मागचे चाक मातीवरून मुद्दाम घसरवले जाते, हँडल उलट दिशेला वळवलेले असते, आणि डाव्या पायाच्या बुटाला बसवलेला पोलादी तळ मातीवर टेकवून स्वार तोल सांभाळतो. दोन गाड्यांमधील अंतर कधी हातभर, कधी त्याहूनही कमी असते. एकाचे चाक दुसऱ्याच्या चाकाला लागले की वळणावरच्या कुंपणापर्यंत स्वार फेकला जातो, आणि हल्ली मोठ्या स्पर्धांत त्या कुंपणाला हवेने भरलेले तक्के लावण्याची तजवीज असली, तरी मनगट, गळ्याखालचे कॉलरबोन म्हणतात ते हाड आणि पाठीचा कणा यांना त्या तक्क्यांचे अभय मिळत नाही.

या खेळाचे जागतिक अजिंक्यपद १९३६ साली लंडनच्या वेम्बली मैदानावर सुरू झाले आणि १९९४ पर्यंत ते बहुधा एकाच रात्रीच्या अंतिम सामन्यात ठरत असे. १९९५ पासून मात्र ग्रां प्री मालिका आली, आणि निकाल मोसमभराच्या फेऱ्यांमधील गुणांच्या बेरजेवर लागू लागला. अधिक न्याय्य रीत म्हणून तिचे स्वागत झाले, कारण एका रात्रीच्या लहरीवर विश्वविजेता ठरू नये हा विचार रास्तच होता. परंतु त्या सुधारणेबरोबरच अनेक महिने शरीर अखंड राखण्याची अट अजिंक्यपदाला जोडली गेली. शिवाय या स्वारांची उपजीविका मुख्यतः पोलंड, स्वीडन आणि इंग्लंड येथील संघांच्या साखळी सामन्यांवर चालते. म्हणजे विश्वविजेतेपदाचा दावेदार दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांतही पोटासाठी तोच जीवघेणा धोका पत्करीत असतो.

२०१६ चा मोसम या दृष्टीने संस्मरणीय आहे. ऑस्ट्रेलियाचा जेसन डॉयल गुणतक्त्यात अग्रस्थानी होता आणि शेवटची फेरी त्याच्याच देशात, मेलबर्न येथे, व्हावयाची होती. तिच्या आधीच्या, पोलंडमधील तोरुन येथील फेरीत तो पडला. खांदा, कोपर आणि फुप्फुस यांना गंभीर इजा झाली. आणि आपल्या देशबांधवांसमोर विजेतेपदाचा चषक उचलण्याची ज्याची तयारी झाली होती, त्याला मेलबर्नच्या फेरीला मुकावे लागले. अमेरिकेचा ग्रेग हॅनकॉक सेहेचाळीसाव्या वर्षी चौथ्यांदा विश्वविजेता झाला. हॅनकॉकचे विजेतेपद उसने होते असे मात्र म्हणता येणार नाही. मोसमाच्या अखेरपर्यंत स्वतःला उभे ठेवणे हाही त्या स्पर्धेने मागितलेलाच गुण होता आणि तो त्याच्यापाशी होता. डॉयल पुढल्या वर्षी परतला, मोसमाच्या मध्यात पायाचे हाड मोडले तरी कुबड्या घेऊन स्पर्धास्थळी हजर राहिला, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये त्याच मेलबर्नला विश्वविजेता झाला.

अशा कथा ऐकताना मन भारून जाते, आणि येथेच विवेकाची गरज असते. २०१३ साली ब्रिटनच्या ताय वॉफिंडनने कॉलरबोन मोडलेले असताना स्पीडवेचे अजिंक्यपद मिळवले. त्याच मोसमात विजेतेपदाच्या चुरशीत असलेला रशियाचा एमिल सैफुतदिनोव जायबंदी होऊन उरलेल्या फेऱ्यांना मुकला होता. त्याच वर्षी, रस्त्यावरील मोटारसायकल शर्यतींच्या मोटोजीपी मालिकेत, स्पेनच्या होर्हे लोरेन्झोचे तेच हाड नेदरलँड्समधील आसेन येथे गुरुवारच्या सरावात मोडले. तो विमानाने बार्सिलोनाला गेला, हाडात पट्टी बसवून घेतली, परत आला आणि शनिवारच्या शर्यतीत पाचवा आला. त्या धाडसाने त्याला अकरा गुण मिळाले. दोनच आठवड्यांनी जर्मनीत तो पुन्हा पडला, बसवलेली पट्टी वाकली, दुसरी शस्त्रक्रिया झाली आणि ती शर्यत पूर्णपणे हातची गेली. वर्षाअखेरीस मार्क मार्केझने त्याला अवघ्या चार गुणांनी मागे टाकले. मोडक्या हाडाने मिळवलेले गुण आणि त्या हाडापायी गमावलेले गुण एकाच खतावणीत मांडले, म्हणजे शौर्याचा हा व्यवहार नेहमीच फायद्याचा ठरतो हा समज टिकत नाही.

आणि काही वेळा ही वसुली गुणांत होतच नाही. ऑस्ट्रेलियाचा डार्सी वॉर्ड हा आपल्या पिढीतील असामान्य स्वार; ऑगस्ट २०१५ मध्ये पोलंडमधील झिएलोना गोरा येथील एका साखळी सामन्यात तो पडला, पाठीच्या कण्याला इजा झाली आणि त्याचे स्वारजीवन तेथेच संपले. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. त्याच्या प्रतिस्पर्ध्यांनी पुढे जिंकलेल्या कोणत्याही अजिंक्यपदाचा हिशेब मांडताना हे रिकामे नाव ध्यानात ठेवणे हे निदान प्रामाणिकपणाचे लक्षण आहे.

लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्याच्या गावी बसून मुरमाच्या धावपट्टीवरील या युरोपीय खेळाचा विचार कशासाठी करावयाचा, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आपल्या शेजारच्याच निलंगा तालुक्यात मिळते. रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार हे १९६९ चे महाराष्ट्र केसरी आणि १९७० च्या राष्ट्रकुल स्पर्धेचे सुवर्णपदक विजेते; त्यांच्या नावाने आजही आमच्या मुलखातील पोरे तालमीत घुमतात, आणि कुस्तीत तर निकाल एका दिवसाचा, किंबहुना एका डावाचा असतो. शालेय क्रीडास्पर्धांचा क्रमही तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांचा आहे. तालुक्याच्या पायरीवर ज्याचा गुडघा मुरगळला, त्याचे ते वर्ष संपले. त्या पायऱ्यांना दहावी-बारावीचे वाढीव क्रीडागुण जोडलेले आहेत, आणि त्यांच्या टोकाला शासकीय नोकरीतील पाच टक्के राखीव जागा आहेत. शेतकऱ्याच्या किंवा मजुराच्या घरातील मुलाला हा लाभ केवढा मोठा वाटत असेल हे ज्याने ते घर पाहिले आहे त्यालाच कळेल. आणि म्हणूनच हा मुलगा सुजलेला सांधा फडक्याने बांधून, कोणालाही न सांगता, मैदानात उतरतो. लोरेन्झोपाशी विमान होते, शल्यविशारद होते, दुसऱ्या वर्षीचा करार होता. या मुलापाशी यांपैकी काहीच नसते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. दुखापत हा स्पर्धेच्या निकालाचा अविभाज्य घटक आहे आणि जो मोसमभर उभा राहिला त्याचे अजिंक्यपद निखळ आहे; परंतु जखमी खेळाडूला खेळावयास लावणारी, किंवा न खेळल्याबद्दल त्याचे सर्वस्व हिरावून घेणारी पद्धत अन्याय्य आहे. निरनिराळ्या पायऱ्यांवर वैद्यकीय दाखल्याच्या आधारे जखमी खेळाडूला दुसरी संधी देण्याची तरतूद करणे शासनाच्या क्रीडाखात्याला अशक्य नाही. तोवर जे आपल्या हाती आहे ते आपण करावे. क्रीडाशिक्षकांनी आणि तालमीच्या वस्तादांनी लंगडणाऱ्या मुलाला, तो कितीही विनवण्या करो, त्या दिवसापुरते बाहेर बसवावे. जत्रेतील कुस्त्यांच्या पंचमंडळाने फड मांडण्याआधी डॉक्टर आणि वाहन यांची व्यवस्था करावी. आणि आईबापांनी त्या मुलाला एकच गोष्ट निक्षून सांगावी, की या वर्षीचे पदक पुढच्या वर्षी मिळू शकते, पण मोडलेला कणा पुन्हा मिळत नाही.