भूकंप, आग आणि छताखालील पाण्याच्या नळ्या

मुरबाड तालुक्यातील सिद्धगड म्हटला की 2 जानेवारी 1943 रोजी तेथे हौतात्म्य पत्करलेले भाई कोतवाल आणि हिराजी पाटील आठवतात. सह्याद्रीचा तो काळा कातळ आपल्याला अढळ वाटतो. परंतु याच गडाच्या उत्तरेस, शहापूर तालुक्यातील भातसा धरणाच्या परिसरात, 1983 च्या मे महिन्यापासून जमीन वारंवार हादरू लागली होती. 15 सप्टेंबर 1983 रोजी झालेला सर्वांत मोठा धक्का सुमारे 4.9 तीव्रतेचा होता. धरणात साठलेल्या पाण्यामुळे खडकांतील भेगांवर आलेला ताण हे त्याचे कारण मानले जाते. 2018 च्या नोव्हेंबरपासून पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी भागानेही असेच धक्के अनुभवले.

त्या काळी या भागात बहुतेक घरे बैठी होती. आज कल्याण-बदलापूरकडे उंच इमारती, भिवंडीकडे प्रचंड गोदामे आणि मुरबाडला कारखाने आहेत. अशा अनेक वास्तूंत छताखाली स्प्रिंकलर बसविलेले असतात. म्हणूनच एक प्रश्न आपण विचारला पाहिजे : जमीन हादरली, तर आग विझविणारी ही यंत्रणा शाबूत राहील का?

यंत्रणा कशी चालते?

स्प्रिंकलरच्या तोंडाशी काचेची एक लहान कुपी असते. तिच्यातील द्रव ठराविक तापमानाला, सामान्यतः 68 अंश सेल्सिअसला, प्रसरण पावतो, कुपी फुटते आणि पाण्याचा फवारा सुरू होतो. ज्या ठिकाणी उष्णता पोहोचते तेवढेच स्प्रिंकलर उघडतात. त्यासाठी नळ्यांत पाणी सदैव दाबाखाली भरलेले असते, आणि भूकंपात हेच पाणी ओझे ठरते. 100 मिलिमीटर व्यासाच्या नळीत दर मीटरला सुमारे 8 लिटर पाणी मावते. म्हणजे 30 मीटर नळीत, लोखंडाचे वजन सोडून, जवळजवळ 240 किलो भार छताला टांगलेला असतो.

इमारत हलू लागली की ही नळी झोपाळ्यासारखी झुलते. वरच्या मजल्यांवर हेलकावे अधिक असतात. नळी भिंतीवर आदळते, सांधे निखळतात, खोटे छत वेगळ्या लयीत हलून स्प्रिंकलरच्या तोंडावर आपटते. परिणाम दुहेरी होतो : जेथे आग नाही तेथे पाण्याचा लोट, आणि जेथे आग आहे तेथे पाणीच नाही.

ऑलिव्ह व्ह्यूचा धडा

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालय 1971 च्या भूकंपात उद्ध्वस्त झाले. ते पुन्हा अतिशय भक्कम बांधण्यात आले. 17 जानेवारी 1994 च्या नॉर्थरिज भूकंपात त्याचा सांगाडा उभा राहिला, मात्र स्प्रिंकलरच्या व इतर पाण्याच्या नळ्या फुटल्या, मजल्यांवर पाणी साचले आणि रुग्णांना बाहेर हलवावे लागले. ज्या दिवशी रुग्णालयाची गरज सर्वाधिक, त्याच दिवशी ते निकामी झाले.

उपाय कोणते?

तत्त्व सोपे आहे. नळीने इमारतीबरोबर हलावे; आणि जेथे इमारतीचे दोन भाग वेगवेगळे हलतात, तेथे नळीला लवचीकता असावी.

पहिल्या गोष्टीसाठी नळ्यांना तिरकस आधार देऊन छताच्या काँक्रीटशी जखडतात. अमेरिकेच्या अग्निसुरक्षा संहितेनुसार मुख्य नळीला आडव्या दिशेचे आधार जास्तीत जास्त सुमारे 12 मीटरवर आणि लांबीच्या दिशेचे सुमारे 24 मीटरवर असावे लागतात. दुसऱ्या गोष्टीसाठी उभ्या नळीत लवचीक सांधे आणि इमारतीच्या दोन भागांमधील फटीपाशी वळू शकणारी जोडणी बसवितात. नळी भिंतीतून जाते तेथे भोक मोठे ठेवतात : 100 मिलिमीटर वा त्याहून मोठ्या नळीभोवती सुमारे 50 मिलिमीटर मोकळी जागा. पाण्याची टाकी आणि पंप पायाशी घट्ट बांधणेही तितकेच आवश्यक, कारण तेच सरकले तर वरच्या नळ्या निरुपयोगी ठरतात.

आपण काय करावे?

9 जानेवारी 2021 रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील आगीत 10 नवजात बालके दगावली. जे स्वतः उठून पळू शकत नाहीत, त्यांचे प्राण यंत्रणेवरच अवलंबून असतात. म्हणून रुग्णालये, वृद्धाश्रम, वसतिगृहे आणि शाळा चालविणाऱ्यांवर विशेष जबाबदारी येते. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलैमध्ये, द्यावे लागते. त्या तपासणीच्या वेळी आपण एवढेच विचारावे : नळ्यांना तिरकस आधार आहेत का? भिंतीतील भोके सिमेंटने बुजविलेली तर नाहीत ना? पंप पायाशी बोल्टने आवळला आहे का? आणि धक्का बसल्यावर पाणी बंद करण्याची झडप कोठे आहे, हे रात्रपाळीच्या माणसाला ठाऊक आहे का?

भूकंपाची वेळ आपल्या हाती नाही. पण या चार प्रश्नांची उत्तरे आजच मिळविणे आपल्या हाती आहे.