एक चाक गरगर, एक चाक ढिम्म

गेल्या आषाढात मुरबाडच्या पुढे, टोकावड्याच्या रस्त्यापासून दीडेक किलोमीटर आत, मावसभावाची पिकअप त्याच्याच खाचराच्या तोंडाशी अडकली. ढकलायला म्हणून मी खाली उतरलो आणि मागे जाऊन उभा राहिलो. पण ढकलणं राहिलं बाजूला, समोरचं दृश्यच बघत राहण्यासारखं होतं. मागचं डावं चाक मोरीच्या खचलेल्या कडेला लटकत होतं आणि गरगर फिरून तांबडा चिखल माझ्या छातीपर्यंत उडवत होतं. उजवं चाक चांगल्या घट्ट मुरमावर होतं, पण ढिम्म. इतकं ढिम्म, की बांधातून निघालेला एक मुठा त्या टायरच्या खाचेत चढला, तिथे क्षणभर थांबला आणि पलीकडे उतरून निघून गेला. इंजिन बोंबलत होतं आणि चांगल्या जमिनीवरचं चाक खेकड्याला रस्ता देत होतं.

"दादा, पुढची गाडी फोर बाय फोर, आणि डिफ-लॉकवाली," भाऊ खिडकीतून ओरडला.

त्या वाक्यावर आमचे पुढचे सहा महिने गेले. भाऊ भाजी आणि गवत कल्याणच्या बाजार समितीत आणतो, परतीला खत, पत्रे, कधी कुणाच्या लग्नाचे मांडवाचे बांबू. आमच्याकडे पिकअप म्हटलं की बोलेरो पिकअप. मागच्या दोन चाकांवर ओढणारी, पाट्यांवर बसलेली, डिफ-लॉक वगैरे लाड नसलेली. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर सिमेंटपासून सिलिंडरपर्यंत जे काही पोहोचतं, ते बरंचसं हिच्यातून किंवा छोट्या हत्तीतून. तेव्हा लॉक नसेल तर गाडी चालतच नाही, असं कुणी सांगितलं तर त्याला एकदा वैशाखऱ्याच्या रस्त्याला उभं करावं.

पण मग लॉक असतं कशाला? हे समजायला नांगराची बैलजोडी पुरते. जू मधोमध नांगराच्या दांडीला बांधलेलं असतं आणि बांधलेल्या जागी थोडं फिरू शकतं. दोन्ही बैल ओढतात तोवर ठीक. एकाने अंग काढून घेतलं तर दुसऱ्याने कितीही जोर लावला तरी जू नुसतं तिरकं होतं, चांगला बैल दोन पावलं पुढे जातो आणि नांगर जागच्या जागी. चांगल्या बैलाचा जोर कमी झालेला नसतो, पण वाईट बैल जेवढं ओढतो तेवढंच त्यालाही ओढता येतं. गाडीच्या मागच्या एक्सलच्या मधला गोलमटोल डबा, म्हणजे डिफरन्शल, नेमकं हेच करतो. दोन्ही चाकांना सारखाच जोर. डाव्या चाकाखाली चिखल आहे आणि तो वीस किलोचाच जोर पेलतो असं समजा. मग उजव्या चाकाखालचा मुरूम चारशे किलो पेलायला तयार असला तरी त्याच्या वाट्याला वीसच येतात. गाडी ढकलायला एकूण चाळीस. लॉक लावलं की जू दांडीला जाम आवळल्यासारखं होतं. दोन्ही चाकं एकाच गतीने फिरतात, चिखलातलं वीस देतं, मुरमावरचं चारशे, आणि गाडी निघते.

हा डबा इतका अडाणी असेल तर बसवलाच का, असं कुणालाही वाटेल. उत्तर वळणात आहे. मागच्या दोन चाकांत दीड मीटर अंतर धरा. काटकोनात वळताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे 2.36 मीटर जास्त चालतं. गंमत अशी की वळण लहान असो की मोठं, हा आकडा बदलत नाही. डोंबिवलीच्या चार रस्त्यावर रिक्षांमधून अंग चोरून वळा नाहीतर शिळफाट्याला ऐसपैस वळा, फरक तेवढाच. पिकअपच्या टायरचा घेर साधारण सव्वादोन मीटर, म्हणजे प्रत्येक काटकोनाला बाहेरचं चाक जवळजवळ एक अख्खा फेरा जादा मारतं. हा फेरा मारू द्यायचा नाही असं ठरवलं तर टायर डांबरावर घासत, किंचाळत जाणार, स्टिअरिंग जड होणार आणि जादाचा पीळ एक्सलच्या दांड्यांवर बसणार. ओनेसिफोर पेकर नावाच्या फ्रेंच माणसाने 1827 साली वाफेच्या गाडीसाठी डिफरन्शलचं पेटंट घेतलं ते याच अडचणीवर.

रेल्वेने मात्र हा डबा कधी घेतला नाही. 1853 मध्ये ठाण्याला पहिली गाडी आली तेव्हाही नाही आणि आजच्या कल्याण लोकललाही नाही. तिथे दोन्ही चाकं एकाच धुऱ्यावर घट्ट बसवलेली, म्हणजे जन्मभर लॉक. चाकांचा घेर आतून बाहेर थोडा निमुळता केलेला असतो, त्यावर ती वळण सांभाळतात. तरीही तीव्र वळणावर चाकं कशी कुरकुरतात ते दारात उभं राहून प्रवास करणाऱ्याला ठाऊक आहे.

लॉक ही मोठ्या पैशाच्या गाड्यांची चैन आहे, हा भावाचा समज काकांनी त्याच संध्याकाळी उतरवला. पिकअप ओढायला ते ट्रॅक्टर घेऊन आले. ट्रॅक्टरच्या सीटखाली, उजव्या टाचेजवळ, एक लहानसा पेडल असतो. चिखलणी करताना एक चाक भसकन खोल गेलं की काका वेग कमी करतात, टाच टेकवतात, आतून एक ठोका येतो आणि दोन्ही लोखंडी चाकं एकदम चिखल कापायला लागतात. पकड सारखी झाली की पाय काढायचा, पेडल स्प्रिंगने आपोआप वर. वळायचं असेल तर टाच आधी वर, हा नियम काकांना कुणी पुस्तकातून शिकवलेला नाही. ठाणे जिल्ह्यात भात लावणाऱ्या किती घरांत हे लॉक आहे ते एकदा मोजावं. त्याला डिफ-लॉक म्हणत कुणी मिरवत नाही एवढंच.

गाड्यांमध्ये आता त्याचे तीन-चार अवतार मिळतात. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखामध्ये ते सगळ्यात रोखठोक आहे: पुढच्या एक्सलला एक, मागच्याला एक, आणि दोन्ही माणसाने आपल्या हाताने ओढायची. टोयोटाची हायलक्स 2022 मध्ये आपल्याकडे आली, तिच्यात मागच्या एक्सलचं लॉक बटणावर. नाशिकला बनणाऱ्या थारमध्ये 2015 पासून काही प्रकारांत ईटन कंपनीचं यांत्रिक लॉक आलं आणि मला स्वतःला हा प्रकार सगळ्यात देखणा वाटतो, कारण त्यात ना तार, ना बटण, ना हवेची नळी. एक चाक दुसऱ्यापेक्षा मिनिटाला शंभरेक फेऱ्यांनी जास्त पळालं की आतली छोटी वजनं फाकतात, एक खिट्टी अडकते, खाडकन आवाज येतो आणि एक्सल एकजीव. ताशी तीसेक किलोमीटरच्या वर ते लागतच नाही, त्यामुळे मुरबाड रोडवर चुकून जाम होण्याची भीती नाही. त्याची खोड एकच. चाक फिरू द्यावं लागतं, तेही निडरपणे. चिखलात हळुवार ॲक्सिलरेटर देणाऱ्या सभ्य माणसाला ते कधी लागलेलं कळतच नाही.

चौथा अवतार म्हणजे लॉकच नव्हे, लॉकचं सोंग. एक चाक मोकाट फिरायला लागलं की गाडीचा संगणक तेवढ्याच चाकाचा ब्रेक धरतो. ब्रेकच्या विरोधामुळे त्या चाकाला जोर 'लागतो', आणि सारखी वाटणी करण्याच्या खोडीमुळे तेवढाच जोर चांगल्या चाकालाही मिळतो. हे संगणकवाल्यांच्या आधीपासून आमच्या पिकअपवाल्यांना येत होतं. हॅण्डब्रेक दोन-तीन दाते ओढायचा, पहिल्या गिअरमध्ये हळूच क्लच सोडायचा. मागच्या दोन्ही ड्रमना थोडा ब्रेक लागतो, गरगरणारं चाक जरा आवरतं आणि कधीकधी गाडी बाहेर येते. कधीकधी नुसता लायनरचा वास येतो.

आता प्रश्न आमच्या मातीचा. लॉक जिथे खरं कामाला येतं ती जागा म्हणजे एक चाक हवेत किंवा घसरणीवर आणि दुसरं पक्क्यावर. रिकाम्या पिकअपला ही अवस्था फार लवकर येते. पाटे दीड टनाचं ओझं झेलायला केलेले, रिकाम्या गाडीला ते वाकतच नाहीत. बांध ओलांडताना एक चाक उचललं की उचललंच. फोर बाय फोर असली तरी सुटका नाही, कारण पुढचं एक आणि मागचं तिरकं एक अशी दोन चाकं सुटली की दोन्ही डबे आपापला जोर वाया घालवतात. गोव्यात 2014 पासून भर पावसात रेन फॉरेस्ट चॅलेंज भरतं, तिथे लाल चिखलाच्या नाळींत उतरणारे दोन्हीकडे लॉक आणि वर विंच घेऊन येतात ते उगाच नाही.

पण आपल्याकडे गाड्या बहुतेक वेळा तशा अडकत नाहीत. वीटभट्टीच्या चिकणमातीत दोन्ही चाकं सारखीच बुडतात. तिथे लॉक लावलं तर एकाऐवजी दोन खड्डे खणले जातात आणि डिफरन्शलचा डबा जमिनीवर टेकतो. त्यानंतर फावडंच. उल्हास आणि वालधुनी चढल्या की कल्याण-बदलापुरात पाणी शिरतं. त्या पाण्यात लॉकचा काडीचा उपयोग नाही, तिथे इंजिनाची हवा ओढण्याची जागा किती उंच आहे ते महत्त्वाचं. ओल्या तिरक्या उतारावर तर ते घातकच. मोकळ्या डिफरन्शलमध्ये एक चाक घसरतं तेव्हा दुसरं निदान गाडी धरून ठेवतं, लॉकमध्ये दोन्ही एकदम घसरतात आणि गाडी आडवी दरीच्या बाजूला सरकते. नाणेघाटाच्या पायथ्याशी, तांबड्या शेवाळलेल्या वाटेवर हे एकदा दुसऱ्याच्या जीपमध्ये बसून अनुभवलंय. पुन्हा नको. कल्याण-शीळ रस्त्यावरच्या खड्ड्यांना तर लॉक लागत नाही, सहनशक्ती लागते.

भावाला मी एक हिशेब ठेवायला लावला. वर्षभरात गाडी कितीदा अडली आणि प्रत्येक वेळी चाकं काय करत होती, ते डायरीत लिहायचं. डायरी म्हणजे दुधाच्या हिशेबाची वही. पावसाळ्यापासून संक्रांतीपर्यंत सात नोंदी झाल्या. चारदा टायर गुळगुळीत होते आणि दोन्ही चाकं एकत्र फिरली. एकदा म्हसोबाच्या यात्रेला म्हशाला गर्दीत बाजूला घेताना नाल्यात गेली, तिथे वीस माणसांनी उचलून वर ठेवली. फक्त दोन नोंदींत एक चाक गरगर आणि एक ढिम्म होतं, आणि दोन्ही त्याच मोरीवर.

त्यावरून माझं मत असं झालं. गाडी घेतानाच कंपनीचं मागचं लॉक मिळत असेल आणि त्यासाठी वरचा महागडा प्रकार पदरात पडत नसेल, तर घ्यावं. पुढच्याच्या नादी लागू नये, पुढचं लॉक लावून स्टिअरिंग वळवणं म्हणजे खांद्याचा व्यायाम. जुन्या गाडीत बाहेरून बसवून घेण्याच्या मी विरोधात आहे. मोकळ्या डब्यात एका दांडीवर निम्माच भार येतो, लॉकमध्ये एकाच दांडीवर सगळा येऊ शकतो, आणि मग तीही बदला, शिवाय वॉरंटी आणि विम्याची कटकट वेगळी. त्याआधी खोल नक्षीचे टायर, मागे चार पोती वाळू, हवा थोडी कमी करायची अक्कल आणि घरी परतताना ती पुन्हा भरायला एक पंप. आणि हाताने किंवा बटणाने लावायचं लॉक असेलच, तर चाक गरगरायला लागल्यावर नव्हे, खड्ड्याच्या अलीकडे, गाडी थांबवून लावायचं. जोरात फिरणारं चाक एकदम पकडलं की कुठला तरी दात किंवा दांडी जाते, आणि त्याचं बिल खड्ड्याला पाठवता येत नाही.

भावाला हे पटलं, पण मन मानेना. रात्री जेवून झाल्यावर मोबाइलवर तो हायलक्सच बघत बसायचा. काकांनी एकदा वही मागून घेतली, चष्मा लावून सातही नोंदी वाचल्या आणि विचारलं, "दोन्ही वेळा मोरीवरच ना?"

"हो, मोरीवरच."

"मग मोरी का नाही बांधत?"

मे महिन्यात सिमेंटचे दोन पाइप आणि चार ब्रास मुरूम येऊन पडला. गुळगुळीत टायर तेवढे बदलले, गाडी जुनीच राहिली. परवा आवणीला गेलो तर ती भरलेली पिकअप घेऊन भाऊ मोरीवरून एका हाताने स्टिअरिंग धरून, दुसऱ्या हाताने फोनवर बोलत गेला. मी खाली वाकून बघितलं. डाव्या पाइपात पाणी वाहत होतं, उजव्यात मुठ्यांनी घर केलं होतं.