कंपायलर-चालक

उच्च पातळीच्या भाषेत लिहिलेल्या आज्ञावलीचे यंत्राला थेट चालविता येईल अशा फाइलीत रूपांतर करण्यासाठी अनेक साधने लागतात. या साधनांना योग्य क्रमाने व योग्य सूचना देऊन कामाला लावणाऱ्या आज्ञावलीस कंपायलर-चालक म्हणतात. चालक स्वतः भाषांतर करीत नाही. कारखान्यातील मुकादम स्वतः लेथवर उभा राहत नाही. परंतु कोणता भाग कोणत्या यंत्रावर, कोणत्या क्रमाने व किती मापाचा करावयाचा हे तोच सांगतो. चालकाचे कार्यही याच स्वरूपाचे असते. वापरणारा ‘जीसीसी’ ही एकच आज्ञा देतो आणि तयार फाइल त्याच्या हाती पडते. त्यामुळे ही आज्ञा म्हणजेच कंपायलर असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः त्या नावाने सुरू होते ती चालक आज्ञावली होय. [⟶ संगणक].

इतिहास : सी ही भाषा डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीज या संस्थेत विकसित केली. तेथील पीडीपी-११ संगणकाची स्मृती अल्प असल्याने कंपायलरचे काम टप्प्यांत विभागावे लागे व प्रत्येक टप्प्यासाठी स्वतंत्र आज्ञावली असे. हे टप्पे एकामागून एक पार पाडण्यासाठी युनिक्स प्रणालीत ‘सीसी’ ही चालक-आज्ञा होती. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये प्रसृत केलेल्या जीसीसी या मुक्त कंपायलरने हीच रचना स्वीकारली व ती निरनिराळ्या प्रोसेसरांना लागू पडेल इतकी लवचिक केली. २००७ मध्ये खुला झालेला क्लँग हा कंपायलरही अशाच चालकामार्फत वापरला जातो.

बेल लॅबोरेटरीजमध्येच स्ट्यूअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये तयार केलेले ‘मेक’ हे साधन चालकाहून भिन्न आहे. कोणत्या फाइली बदलल्यामुळे पुन्हा बांधावयास हव्यात हे ‘मेक’ ठरविते. त्यांतील प्रत्येक फाइल कशी बांधावयाची हे चालक ठरवितो.

कार्यपद्धती : चालक प्रथम फाइलीच्या नावाच्या शेवटी असलेली अक्षरे पाहतो व तीवरील काम कोठून सुरू करावयाचे हे ठरवितो. सी भाषेतील फाइलीला चार टप्प्यांतून जावे लागते. प्रीप्रोसेसर जोड-फाइली व संक्षेप यांचा विस्तार करतो; मुख्य कंपायलर त्या पाठाचे असेंब्ली भाषेत रूपांतर करतो; असेंब्लर त्यापासून ऑब्जेक्ट फाइल तयार करतो आणि लिंकर अशा अनेक फाइली व लायब्ररी एकत्र जोडतो. जीसीसीच्या अलीकडील आवृत्त्यांत पहिले दोन टप्पे एकाच आज्ञावलीत सामावलेले आहेत. उणे चिन्हासह ‘ई’ हे मोठे इंग्रजी अक्षर दिल्यास पहिल्या, मोठे ‘एस’ दिल्यास दुसऱ्या व लहान ‘सी’ दिल्यास तिसऱ्या टप्प्यानंतर काम थांबते.

चालकाचे खरे महत्त्व तो न सांगता जे करतो त्यात आहे. जोडणीच्या वेळी तो आज्ञावली सुरू करून देणारी प्रारंभ-फाइल, सी भाषेची प्रमाण लायब्ररी व कंपायलरची साहाय्यक लायब्ररी स्वतःहून घालतो. ज्या प्रोसेसरला भागाकाराची सूचना नाही त्यावर भागाकार करून देणारी उपआज्ञावली या साहाय्यक लायब्ररीतून येते. चालकाला डावलून थेट लिंकर वापरणाऱ्यास हे सर्व हाताने पुरवावे लागते. पडद्याआडचे हे काम पाहण्यासाठी लहान ‘व्ही’ हा पर्याय देतात. त्यामुळे चालविलेली प्रत्येक आज्ञा छापली जाते. तीन हॅश चिन्हांचा पर्याय दिल्यास आज्ञा केवळ छापल्या जातात, चालविल्या जात नाहीत. ‘सेव्ह-टेम्प्स’ या पर्यायामुळे मधल्या टप्प्यांच्या फाइली नष्ट न होता राखल्या जातात.

चालकात फेरफार : कोणत्या साधनाला कोणत्या परिस्थितीत कोणते पर्याय द्यावयाचे याचे नियम जीसीसीच्या चालकात ‘स्पेक्स’ नावाच्या सूत्रांच्या रूपात असतात. टक्केचिन्हानंतरच्या महिरपी कंसात पर्यायाचे नाव, अपूर्णविराम व काही पाठ असे सूत्र असते; तो पर्याय आज्ञेत आढळला तरच तो पाठ पुढील साधनाकडे जातो. ‘डंप-स्पेक्स’ या पर्यायाने ही सर्व सूत्रे छापून घेता येतात. ‘स्पेक्स’ या पर्यायाने स्वतःची सूत्र-फाइल दिल्यास तीतील सूत्र मूळ सूत्राची जागा घेते. सूत्राचा आरंभ अधिक चिन्हाने केल्यास ते मूळ सूत्राला पुरवणी म्हणून जोडले जाते. एखाद्या विशिष्ट मंडलपट्टासाठी स्मृतीचा आराखडा व प्रारंभ-फाइल ठरवून देण्यास ही पद्धत सोयीची असते. एखाद-दुसराच पर्याय लिंकरकडे पोचवावयाचा असल्यास चालकाला तसे थेट सांगता येते. त्यासाठी सूत्र बदलण्याची गरज नसते.

परिसर-चलांद्वारेही चालकाचे वर्तन बदलता येते. साधने व जोड-फाइली कोठे शोधावयाच्या हे त्यांवरून ठरू शकते. मात्र ही चले प्रत्येक संगणकावर निराळी असू शकतात व आज्ञेत ती दिसत नाहीत. त्यामुळे दोन टेबलांवर दिलेल्या एकाच आज्ञेतून दोन भिन्न फाइली निघणे शक्य असते.

पुणे परिसरातील कार्य : पिंपरी-चिंचवड व चाकण या पट्ट्यात वाहने व त्यांचे सुटे भाग बनविणारे कारखाने दाटीने वसले आहेत. भारत टप्पा ६ हे उत्सर्जन-मानक १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाल्यावर बहुतेक दुचाकींतही कार्ब्युरेटरची जागा इलेक्ट्रॉनिक इंधन-अंतःक्षेपणाने घेतली व प्रत्येक वाहनातील नियंत्रक आज्ञावलीचे महत्त्व वाढले. अशी आज्ञावली टेबलावरील संगणकावर बांधली जाते, परंतु चालते ती वाहनातील भिन्न प्रोसेसरवर. यासाठी क्रॉस कंपायलर लागतो.

या क्षेत्रातील एक उल्लेखनीय काम पिंपरी-चिंचवडला लागून असलेल्या हिंजवडीत झाले. पुण्यात १९९० मध्ये स्थापन झालेल्या व २००२ पासून २०१३ पर्यंत केपीआयटी कमिन्स म्हणून ओळखल्या गेलेल्या कंपनीने हिताची व पुढे रेनेसास यांच्या एसएच आणि एच-८ या प्रोसेसर-कुलांसाठी जीसीसीवर आधारित साधन-संच तयार करून विनामूल्य उपलब्ध केले. नॅशनल सेमीकंडक्टरच्या सीआर-१६ या प्रोसेसरसाठी जीसीसीचे रूपांतरही याच कंपनीने मूळ प्रकल्पाला दिले. जीसीसीच्या अंतर्गत रचनेचे शिक्षण देणारे केंद्र पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत उदय खेडकर यांच्या नेतृत्वाखाली चालले व त्याने त्या विषयावर कार्यशाळा घेतल्या.

पर्यायांतील विसंगती : एच-८ प्रोसेसरसाठी जीसीसी ‘इंट’ ही संख्या सामान्यतः १६ बिटांची धरते, ‘एम-इंट-३२’ हा पर्याय दिल्यास ती ३२ बिटांची होते. समजा, एका नोंदीत एंजिनाचे मिनिटाला फेरे ३,००० व त्यापुढे अंतःक्षेपणाचा काळ २५० एकके अशा दोन संख्या आहेत. ही नोंद लिहिणारी फाइल १६ बिटांनी व वाचणारी फाइल ३२ बिटांनी बांधली गेली, तर वाचणारी फाइल दोन्ही संख्या मिळून एकच संख्या समजते व तिला फेऱ्यांची संख्या १९,६६,०८,२५० अशी दिसते. अंतःक्षेपणाचा काळ ती नोंदीबाहेरच्या स्मृतीतून वाचते. दोन्ही फाइलींतील मजकूर निर्दोष असतो व कंपायलर कोणतीही तक्रार करीत नाही. सी भाषेत लिंकर नावे जुळवितो, संख्यांचे आकार तपासत नाही. म्हणून जोडणीही निर्विघ्न पार पडते. दोष असतो तो केवळ चालकाला दिलेल्या आज्ञेत.

हाच पर्याय जोडणीच्या आज्ञेतही द्यावा लागतो. एकाच लायब्ररीच्या निरनिराळ्या पर्यायांनी बांधलेल्या अनेक प्रती साधन-संचात असतात व त्यांतील कोणती घ्यावयाची हे चालक जोडणीच्या आज्ञेतील पर्यायांवरून ठरवितो. फाइली बांधताना दिलेला पर्याय जोडणीच्या वेळी गाळला गेल्यास विसंगत प्रत निवडली जाते.

बांधणीची शिस्त : वरील कारणांमुळे चालकाला दिलेले पर्याय हा आज्ञावलीच्या पाठाइतकाच महत्त्वाचा भाग मानावा लागतो. प्रोसेसर, संख्यांचे आकार व लायब्ररी यांसंबंधीचे पर्याय एकाच ठिकाणी लिहिणे, सूत्र-फाइल मूळ पाठाबरोबरच जतन करणे, साधन-संचाची आवृत्ती निश्चित करणे व चालविलेल्या सर्व आज्ञांची नोंद ठेवणे हे उपाय त्यासाठी योजतात. पाठात बांधणीची तारीख व वेळ घातली असल्यास प्रत्येक वेळी भिन्न फाइल निघते. २०१७ मधील सातव्या आवृत्तीपासून जीसीसीला ही वेळ बाहेरून ठरवून देता येते. रस्त्यावरील वाहनांच्या कार्यात्मक सुरक्षेविषयीचे आयएसओ २६२६२ हे मानक २०११ मध्ये प्रसिद्ध झाले व २०१८ मध्ये सुधारण्यात आले. साधनातील दोष अंतिम आज्ञावलीत उतरण्याची शक्यता व तो वेळीच आढळण्याची शक्यता यांचा विचार करून साधनावर किती विश्वास ठेवावा हे ठरविण्याची पद्धत त्यात दिली आहे. असा विश्वास विशिष्ट आवृत्ती व विशिष्ट पर्याय यांपुरताच मर्यादित असतो. वाहन विकले गेल्यावर कित्येक वर्षांनी त्यातील नियंत्रकाचा दोष शोधण्याची वेळ आल्यास मूळ पाठ जपलेला असणे पुरेसे नसते. त्या पाठापासून तीच फाइल पुन्हा बांधता आली तरच दोषाचे कारण खात्रीने सांगता येते.