मोबाइलमधला बटवा : पैसे नेमके असतात कुठे?



आमच्या शाळेतली माता-पालक सभा संपली आणि चौथीतल्या एका मुलाची आई मागे थांबली. आमचं आंधळगाव (ता. मोहाडी, जि. भंडारा) कोशाच्या कापडासाठी ओळखलं जातं. या ताईसुद्धा घरी कांड्या भरायचं काम करतात. मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "मॅडम, खात्यातून पैसे तं कटले, पन गेले कुठी?"

झालं असं होतं, त्यांच्या मोठ्या मुलाने कॅशबॅकच्या नादात आईच्या खात्यातले १,५०० रुपये एका कंपनीच्या वॉलेटमध्ये टाकले. ताईंना तेच पैसे तुमसरला आपल्या आईच्या औषधासाठी पाठवायचे होते. खात्यात पैसे नाहीत, वॉलेटमध्ये दिसतात, पण पाठवायला गेलं की जात नाहीत. दोन दिवस त्यांच्या जिवाला घोर लागला होता.

पैसे बुडाले नव्हते, फक्त त्यांची जागा बदलली होती. म्हणून आजचा पाठ एकाच प्रश्नावर आहे : पैसे आत्ता कुठे आहेत?

बटवा म्हणजे काय?

आजी बाजाराला जाताना पेटीतल्या पैशातून १०० रुपये काढून बटव्यात ठेवायची. पेटी म्हणजे बँक आणि बटवा म्हणजे वॉलेट. आधी पैसे भरायचे, मग जसा खर्च होईल तसे ते कमी होत जातात. याला 'प्रीपेड' म्हणतात.

ही पद्धत आपल्याला नवी नाही. पूर्वी आपण दुकानातून रिचार्जचं कूपन आणून, खरडून नंबर टाकायचो. तेही आधी पैसे देऊन नंतर बोलणंच होतं. नागपूर मेट्रोचं महाकार्ड, दुकानाचं गिफ्ट कार्ड ही सगळी त्याच घरातली भावंडं. नागपूर-भंडारा रस्त्यावर टोलनाक्यावर गाडीच्या काचेवरचा फास्टॅग वाचला जातो, तेव्हाही बहुतेक वेळा आधी भरलेल्या रकमेतूनच टोल वजा होतो.

फरक इतकाच, की कोणता बटवा कुठे चालेल ते ठरलेलं असतं. एखाद्या दुकानाचं गिफ्ट कार्ड फक्त त्याच दुकानात चालतं. काही वॉलेट त्या कंपनीशी जोडलेल्या दुकानांतच चालतात. २०१९ मध्ये आलेलं 'नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड' मात्र वेगवेगळ्या शहरांतल्या मेट्रो-बसमध्ये एकच कार्ड चालावं, या विचाराने काढलं गेलं.

मग यूपीआय म्हणजे वॉलेट का?

नाही. इथेच जास्तीत जास्त घोळ होतो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयमध्ये पैसे थेट बँक खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात जातात. मधे बटवा नसतो. किराणा दुकानात क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकला, की पेटीतूनच पैसे गेले असं समजा.

एकाच अॅपमध्ये यूपीआयही असू शकतं आणि वॉलेटही. म्हणून 'अॅपमध्ये पैसे आहेत' असं म्हणून भागत नाही. पैसे देण्याआधी स्क्रीनवर 'बँक खाते' निवडलंय की 'वॉलेट', ते वाचायची सवय लावा.

२०२२ मध्ये 'यूपीआय लाइट' आलं. ते छोट्या खर्चाचा बटवाच आहे. खात्यातून थोडे पैसे लाइटमध्ये घ्यायचे आणि पिन न टाकता खर्च करायचे. २०२४ मध्ये त्याची मर्यादा वाढून एका वेळी १,००० रुपये आणि एकूण शिल्लक ५,००० रुपये झाली. पिन लागत नाही, म्हणून मोबाइलला लॉक हवंच. आणि मोबाइल बदलण्याआधी लाइट बंद करून उरलेले पैसे खात्यात परत घ्या.

ताईंचे पैसे का अडकले?

वॉलेटचे नियम रिझर्व्ह बँक ठरवते. २०२१ च्या नियमांनुसार दोन मुख्य प्रकार लक्षात ठेवा :

१) छोटं वॉलेट : मोबाइल नंबर आणि थोडी माहिती देऊन उघडता येतं. शिल्लक १०,००० रुपयांच्या वर ठेवता येत नाही. त्यातून फक्त खरेदी करता येते, बिल भरता येतं. दुसऱ्याला पैसे पाठवता येत नाहीत, रोख काढता येत नाही.

२) पूर्ण केवायसी वॉलेट : ओळखीची पूर्ण पडताळणी करावी लागते. शिल्लक २ लाख रुपयांपर्यंत ठेवता येते आणि पैसे पाठवताही येतात.

ताईंचं वॉलेट पहिल्या प्रकारचं होतं. आमच्या गावच्या दुकानात ते चालत नव्हतं. शेवटी त्यातून विजेचं बिल आणि रिचार्ज केला, तेव्हा कुठे पैसे कामी आले. तुमसरला मात्र उसने घेऊन पाठवावे लागले. नियम माहीत असता तर ही वेळ आली नसती.

बटव्यात किती ठेवायचे?

आजी बटव्यात कधी वर्षाचं धान विकलेले पैसे ठेवत नव्हती. तसंच इथे. वॉलेटमधल्या पैशावर व्याज मिळत नाही. बँकेतल्या ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. बँक नसलेल्या कंपनीच्या वॉलेटला तसा विमा नाही. मात्र ग्राहकांचे पैसे कंपनीला बँकेत वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात.

जानेवारी २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध आणले. १५ मार्च २०२४ नंतर तिच्या वॉलेटमध्ये आणि फास्टॅगमध्ये नवे पैसे भरणं बंद झालं. असलेली शिल्लक वापरायची मुभा होती, म्हणून लोकांचे पैसे बुडाले नाहीत. तरी अनेकांना नवा फास्टॅग घ्यायला धावपळ करावी लागली. म्हणून आठवड्याच्या खर्चापुरतेच पैसे बटव्यात ठेवावे, हे बरं.

घरातल्या सगळ्यांना सांगा

- पिन फक्त पैसे देताना लागतो. पैसे घेण्यासाठी पिन टाका किंवा कोड स्कॅन करा असं कोणी म्हटलं, तर तो ठग समजा.
- ओटीपी कोणालाच सांगू नका, बँकेचा माणूस म्हणून फोन आला तरी.
- फसवणूक झाली तर लाजू नका. लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेला किंवा वॉलेट कंपनीलाही कळवा. जितका उशीर, तितकी पैसे परत मिळण्याची आशा कमी.

वर्गात करून पाहा

तीन डबे घ्या : 'बँक', 'बटवा' आणि 'दुकान'. बँकेत कागदाचे ५०० रुपये ठेवा. एका मुलाला १०० रुपये बटव्यात टाकून ३५ रुपयांची वही घ्यायला सांगा. दुसऱ्याला तीच वही थेट बँकेच्या डब्यातून घ्यायला सांगा. प्रत्येक वेळी विचारा, आता कोणत्या डब्यात किती उरले? वजाबाकीचा सराव होतो आणि वॉलेट व यूपीआयमधला फरकही मुलांना हाताने कळतो.

आमच्या वर्गात हा खेळ झाला त्या दिवशी ताईंचा मुलगा घरी जाऊन आईला म्हणाला, "आई, आधी डबा पाय, मंग पैसे दे." दुसऱ्या दिवशी ताईंनीच मला हसत हसत सांगितलं.

सरावासाठी प्रश्न

१) वॉलेट आणि यूपीआय यांत मुख्य फरक कोणता?
२) छोट्या वॉलेटमधून कोणत्या दोन गोष्टी करता येत नाहीत?
३) तुमच्या घरी कोणकोणते 'बटवे' वापरले जातात? आईबाबांना विचारून यादी करा.