रोमचा दिवस कितीला पडतो?

आपली युरोपवारी : भाग ४

विमान, व्हिसा आणि हॉटेलचा हिशेब मागच्या भागांत उरकला. आता रोजचा खर्च. बरेच जण माणशी एक आकडा धरतात, त्याला दिवसांनी गुणतात आणि मोकळे होतात. रोममध्ये हा हिशेब जमत नाही, कारण तिथले दिवस सारख्या भावाचे नसतात.

व्हॅटिकन संग्रहालयाचं तिकीट २० युरो, ऑनलाइन आरक्षणाचे ५ वेगळे. कोलोसियमचे १८, त्यातच शेजारचा फोरम आणि पॅलाटाइन टेकडी येते. हे तिकीट नावानिशी मिळतं आणि लवकर संपतं. मग दलाल सांगेल तो भाव. उलट मायकेलअँजेलोचा 'मोझेस' सान पिएत्रो इन विंकोलीमध्ये, काराव्हाज्जोची तीन भव्य चित्रं सान लुईजी देई फ्रांचेझीमध्ये; दोन्ही चर्चमध्ये प्रवेश फुकट. काही चर्चमध्ये चित्रावरचा दिवा लावायला पेटीत नाणं टाकावं लागतं, एवढंच. म्हणून आधी 'तिकिटाचे' आणि 'बिनतिकिटाचे' दिवस वेगळे काढा.

मग रोज लागणारच असा खर्च मांडा. पहिली ओळ हॉटेलवरच्या शहर कराची, कारण ती हमखास विसरली जाते. तीन तारांकित हॉटेलात माणशी दर रात्री ६ युरो, आणि तो बहुधा खोलीच्या भाड्यात धरलेला नसतो. दोघांच्या चार रात्रींचे ४८ युरो निघताना काउंटरवर मोजावे लागले की तोंड कडू होतं. बस-मेट्रोचं साधं तिकीट दीड युरोचं, १०० मिनिटं चालतं. मात्र मेट्रोचा प्रवास त्यात एकदाच. जुन्या रोममध्ये पायी हिंडणंच बरं, तेव्हा दिवसाला दोन तिकिटं पुरतात.

खाण्यात मात्र तुमच्या हातात बरंच आहे. कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्यायली तर दीड युरोच्या आसपास. तीच चौकातल्या खुर्चीत बसून प्यायली तर दुप्पट-तिप्पटही. रोमकर सकाळी उभ्यानेच पितात. दुपारी वजनावर मिळणारा पिझ्झा घ्यावा. बटाट्याचा किंवा नुसत्या टोमॅटोचा असतोच, शाकाहाऱ्यांची सोय होते. न्याहारीला ३, दुपारी ८, रात्री साध्या खानावळीत २० आणि जेलातोचे ३ धरा. पाण्याला शून्य! रस्तोरस्ती 'नासोनी' नावाचे सुमारे अडीच हजार नळ अखंड वाहतात, १८७४ पासून. पाणी गार आणि पिण्याजोगं. रिकामी बाटली तेवढी जवळ हवी.

बेरीज करा : कर ६, तिकिटं ३, खाणं ३४, म्हणजे ४३ युरो. व्हॅटिकनच्या दिवशी ६८, कोलोसियमच्या दिवशी ६१, चर्चच्या दिवशी वाटेतल्या पँथिऑनच्या तिकिटाचे ५ धरून ४८. सरासरी ५९ येते खरी, पण तसा दिवस यात एकही नाही. व्हॅटिकनच्या दुसऱ्या दिवशी चर्च ठेवली की खिशाला आणि पायांनाही उसंत मिळते.

रुपयांत रूपांतर निघण्यापूर्वी एकदाच करा. प्रत्येक कॉफीचे रुपये मोजत बसलात तर कॉफी कडवट लागेल. कार्डाच्या यंत्राने 'युरो की रुपये' असं विचारलं तर युरोच निवडा. रुपये निवडले की दर दुकानदाराच्या बाजूची बँक ठरवते आणि तो बहुतेकदा महागच पडतो.